अकरा सेकंद

बटण दाबायचं, मग आधण ठेवायचं,
आलं ठेचायचं, चहा गाळून उभ्याउभ्या प्यायचा,
कप विसळून पालथा घालायचा,
तरी पडद्यावरचं पांढरं चक्र आपलं फिरतंय.
नायना म्हणायचे, एवढ्यात आम्ही ताणा लावून मोकळे व्हायचो.
हे खोटं होतं. ताण्याला अख्खा दिवस जायचा.
पण मी ऐकून घ्यायची,
कारण त्यांना माझं ऐकू जायचं नाही.

नव्या लॅपटॉपला पन्नास हजार.
टॉवेलच्या एका डिझाइनचे मला मिळतात सहाशे,
तेही कारखान्याचा मुनीम फोन उचलेल तेव्हा.

साखर पेठेत जिन्याखाली लायक नदाफ बसतो.
एक टेबल, एक भिंग, ओला पंचा मानेवर,
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
त्यानं लॅपटॉप कानाशी धरला, कलिंगड पाहतात तसा.
"मशीन खणखणीत आहे, अक्का. आतली थाळी फिरून फिरून दमलीय.
हिच्या जागी न फिरणारी टाकू. एसएसडी."

दहा स्क्रू. नऊ निमूट आले.
दहाव्याचं डोकं झिजलेलं.
लायकनं शेंगाचटणीच्या पुडीचं रबर सोडलं,
स्क्रूवर ताणून धरलं, वरून पेचकस दाबला,
आणि तो आला, कुरकुरत.

पाठ उघडली.
पंख्यात बोटभर रुई, थोडी लाल, थोडी मोरपंखी.
माग भंगारात घालून पाच वर्षं झाली.
पुढच्या खोलीत आता भाडेकरूची शिकवणी चालते.
आणि ही इथे बसून होती, माझ्या बोटांखाली.
लायक हसला, "आमचे आजोबा कापूस पिंजायचे.
मी इथून काढतो. धंदा तोच."
फुंकर मारणार होता. मी म्हटलं, थांब.
मग काय करायचं ते सुचेना,
रुई चिमटीत धरून बसले, घाम पुसायलाही हात मोकळा नाही.

जुन्यावरचं नव्यावर उतरवायला तीन तास.
एकसष्ट टक्क्यांवर अडकलं.
"इथं थाळी खरवडलीय. एवढं सोडून पुढं जाऊ?"
"त्यात काय आहे?"
"ते वाचता आलं असतं तर सोडलंच नसतं."
मी मान हलवली.
अजून कळलेलं नाही काय गेलं.
मोर उघडतो, कोयरी उघडते, लग्नाचे फोटो, वीजबिलं, सगळं.
रोज एखादी फाइल उघडून बघते
आणि ती असतेच.

घरी आले. आधण ठेवलं, बटण दाबलं.
अकरा सेकंद.
पाण्याला बुडबुडासुद्धा नाही.
मी गॅसपाशी उभी, हातात आलं,
रिकामा वेळ कुठे ठेवतात ते आठवेना.

नायनांनी लॅपटॉपवर तळवा टेकवला.
चाळीस वर्षं मागाच्या आवाजात कान गेले,
पण धोटा कुठे अडखळतो ते हाताला कळायचं,
चार माग पलीकडचंही.
थोडं थांबले. हात सरकवला, पुन्हा थांबले.
"बंद पडलाय गं हा."
मी पडदा त्यांच्याकडे वळवला. मोर, आठ रंगांत.
त्यांनी मोराकडे पाहिलं, मग हाताकडे,
जणू खोटं हातच बोलला.

जुनी डिस्क लायकनं एका डबीत घालून दिली होती,
वायरीसकट अडीचशेला.
ती जोडली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली.
ती थरथरली, घरघरली, एकदा टक्‌ झाली.
नायनांनी डोळे मिटले, दुसऱ्या हातानं मला गप्प केलं,
मी बोलत नव्हते तरी.

"तिरकी फिरतेय," म्हणाले.
"हिचं बेअरिंग गेलंय. किती दिवस झाले?
तुम्ही पोरं मशीनला हात लावून बघतच नाही."