दस्ता

बसा अधिकराव, त्याच जागी.
पण मागच्यासारखंच, उठून जायचं नाही.
परवाना तुमच्या नावाचा, हत्यार तुमच्या नावाचं,
मी नुसता लाकडाचा माणूस.
चहाला गेलात तरी ती कारबाईन
खांद्याला अडकवूनच जायची.

मिरजेच्या या गल्लीत असं गिऱ्हाईक पहिलंच.
कोइमतूरला सोनं आटवण्यात उमर गेली तुमची,
विट्याला परतलात, आणि हे घेतलंत.
ओट्यावर एक काडतूस उभं करून दाखवलंत,
करंगळीच्या पेराएवढं.
म्हणालात, नबीलाल, गोळी पिस्तुलाची पण नळी लांब,
धक्का कमी, नेम सरळ.
मला आपली ती बारीक आवाजाची पोर आठवली,
मांडीवर साडेचार फुटी तंबोरा आला
की जिचा सूर रस्त्यापर्यंत पोचतो.

कारखान्याचा दस्ता कुणा उंच माणसासाठी होता.
तुमची मान आखूड, हात बुटके.
राग मानू नका,
माप घेणाऱ्यानं खोटं बोलायचं नसतं.
गाल टेकत नव्हता,
लाकूड खांदा शोधत फिरत होतं.

पोरानं मोबाईलवर चित्रं दाखवली :
लाल ठिपक्याची दुर्बीण, पुढं पकड, कड्या, पट्टे,
सगळी काळी, सगळी एका आईची.
मी म्हटलं, लोखंडाला हात लावणार नाही,
त्याला परवान्याचा कारागीर बघा.
माझ्याकडं शिसम आहे,
तीस पावसाळे कोरडा बसलेला.
तुम्ही तो हुंगलात. तिथंच ठरलं.

आडनाव शिकलगार आमचं.
खापरपणजा तलवारींना पाणी द्यायचा.
मग तलवारी खुंटीला लागल्या
आणि तो खुंट्या करायला लागला.
इतक्या वर्षांनी हत्यार परत ओट्यावर आलं तेव्हा
आतून बायको एवढंच म्हणाली,
तोंड भिंतीकडं ठेवा त्याचं.

दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या बाई आल्या,
जवारी काढायला.
त्यांच्या मांडीवर तंबोरा, तुमच्या मांडीवर कारबाईन,
दोघांचे पाय माझ्या सालपटांत.
बाईंनी विचारलं, हे कुठलं हो वाद्य?
आणि तुम्ही लाजलात.
गलाईच्या भट्टीपुढं काळा पडलेला माणूस, कानापर्यंत.
मी दोरा सरकवला, खर्ज उघडला,
खोलीभर बसला येऊन.
तुम्ही ते ओट्यावरचं काडतूस
हळूच खिशात टाकलंत.
का, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दस्ता झाला.
टिचकी मारून ऐकला. हाताची सवय.
गप्प होता.
तंबोऱ्याचं लाकूड कोरून रितं करावं लागतं,
हे भरीवच हवं, नाहीतर फुटेल.
गालाला लावलात, डोळा आपोआप रेषेत आला.
बसला, म्हणालात. एवढंच.
पैसे मोजताना मात्र दोनदा चुकलात.

आणि आज हे.
आचारसंहिता लागली, ठाण्यात जमा झाली,
अडीच महिन्यांनी सुटून आली ती
अंगावर नंबर घेऊन. एकशे सतरा.
हवालदारानं मार्करनं लिहिला,
तोही माझ्या शिसमावर, ऐन गालाच्या जागी.
जाईल. बारीक कागद, मग लाखेचा हात.

एक विचारू?
झाडली का कधी?
रेंजवर वीस. बरं.
आणि घरी?
रविवारी नुसती पुसता. पोरगा बघत बसतो.
बरं.

उरलेल्या तुकड्याची
मी कुपवाडच्या बाईंना एक खुंटी करून दिली.
सैल होते म्हणतात,
मैफल रंगात आली की नेमकी घसरते.
बदलून मागतात.
मी म्हणतो, खडू लावा, बसेल.

द्या इकडं.
रिकामी आहे ना? परत एकदा बघा.
माझ्यासमोर बघा.