पाण्याची पातळी

एडिटरमध्ये पाणी माउसनं चढतं,
हवं तितकं.
अशोक चौकात नळ पाचव्या दिवशी,
तोही रात्री पावणेतीनला.

ट्रायलोबाइट यादीत नव्हता.
एक ढाल घेतली, आडवी पाडली, चेपली,
खाली झुरळाचे पाय जोडले.
नेच्याला निळा रंग देऊन तिप्पट ताणला :
झालं शेवाळाचं रान.
एडक्याच्या शिंगाचा अमोनाइट.
काळ जुळतो का, कुणाला विचारू?
आमच्या पायाखाली नुसता काळा कातळ,
त्यात शिंपलासुद्धा नाही.

आवाजाचं अडलं होतं.
मग कारखान्यात, टॉवेलांच्या गठ्ठ्यावर फोन ठेवला,
मागांची खटखट आठपट सावकाश केली—
काहीतरी प्रचंड, खोल, श्वास घेऊ लागलं.

नानांच्या कानांवर हेडफोन चढवले.
स्क्रीनवर चाळीस कोटी वर्षांपूर्वीचं पाणी,
वरून झिरपणारा हिरवा उजेड,
ढाली सरपटताहेत.
नानांनी डोळे मिटले. बराच वेळ.
मग म्हणाले,
"तीन नंबरचा धोटा अडकतोय.
सकाळी यल्लप्पाला सांगतो."

तेवढ्यात अम्मा ओरडली, नळ आला.
समुद्र तसाच चालू ठेवून
मी घागर घेऊन पळालो.