निळे डाग

"थंड असताना करते, की तापल्यावर?"
याकूब शिकलगारांनी अजून बॉनेटही उघडलं नव्हतं.
गुलटेकडी, सकाळचे साडेनऊ,
मार्केट यार्डाकडून येणारा कांद्याचा वास
आणि गॅरेजातला डिझेलचा.
मी म्हटलं, तापल्यावर. पहिल्यात. रिव्हर्सलाही.
दुसरा पडला की गप्प.
"आणि चढाला?"
चढाला तर अंगात आल्यासारखी.

घरी तोवर तीन निदानं झाली होती.
वरच्या मजल्यावरचे केतकर: डिझेलात पाणी.
नागपूरहून भाऊ, फोनवर: विकून टाक, दहा वर्षं झाली.
आणि तात्या, खडकीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं लेथपाशी उभे राहिलेले,
मागच्या सीटवर डोळे मिटून:
माउंटिंग. रबर मेलंय.

म्हणून आधी माउंटिंग.
हँडब्रेक ओढून मला आत बसवलं.
"पहिला टाका. क्लच सोडा. थोडा. अजून थोडा. बास."
सुमेध बॅटरी धरून वाकलेला,
इंजिन झोपेत कूस बदलावी तसं हललं
आणि जागेवर बसलं.
"वडिलांना सांगा, रबर जिवंत आहे."

मग गिअरबॉक्स उतरवला. त्यात दुपार गेली.
मी बँकेत रजा कळवली, उलट्या डब्यावर बसून दोन चहा प्यायले.
तेल कुठे झिरपलेलं नव्हतं, सील कोरडं.
शिकलगारांनी आत बोट फिरवून
बोट मला दाखवलं, नुसती काळी भुकटी.
नंतर फ्लायव्हील पुसलं
आणि उजेडाकडे तिरपं धरलं.

डाग होते. निळे.
रिकामा तवा गॅसवर विसरल्यावर चढतो, तो निळा.
सुमेधनं मोजले, सात.

"ताई, तुम्ही रोज कुठेतरी चढावर उभ्या राहता.
ब्रेक न दाबता. बराच वेळ."

कात्रजच्या घाटात मी वर्षभरात गेले नव्हते.
सिंहगडाचं तर नावच नको.
मग आठवलं, रोज नाही.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.

कर्वे रस्त्यावरचं हॉस्पिटल, तळघरातलं पार्किंग,
वर येणारा तो उभा चढ आणि टोकाशी फाटक,
पावती शोधणारे लोक, पुढे चार गाड्या.
मागे तात्या, डायलिसिस उरकून,
दंडावर कापूस, चिकटपट्टी.
ब्रेक सोडला की गाडी वीतभर मागे यायची,
मग हिसका, मग मागून त्यांचं "आई गं".
म्हणून मी तिला अधांतरी धरायची,
क्लच अर्धा, ना धरलेला ना सोडलेला,
एक गाडी सुटेपर्यंत, मग दुसरी, मग तिसरी.
अडीच वर्षं.
आत लोखंड जळत होतं
आणि मला वाटायचं, आपण किती अलगद चालवतो.

हे सगळं त्यांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, वडिलांना दवाखान्यात नेते.
शिकलगार फ्लायव्हीलवरून फडकं फिरवत राहिले,
पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.
"हँडब्रेक असतो ना, ताई. त्याच्यासाठीच असतो."

प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, बेअरिंग नवं.
फ्लायव्हील नाना पेठेतून घासून आणलं.
बिलात मजुरी त्यांनी आधी सांगितली
त्याहून सहाशे कमी.

शनिवारी चढावर हँडब्रेक ओढला,
पुढची गाडी सुटल्यावर हळूच सोडला.
फाटक, पावती, उजेड.
कुठे काही थरथरलं नाही.

नळ स्टॉपच्या सिग्नलला मागून आवाज,
डोळे मिटलेलेच असणार:
"अजून खालीच का गं आपण?"
नाही तात्या, कधीच वर आलो.
"थरथरली नाही. ती थरथरली की कळायचं मला,
आजचं संपलं."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला.
संपलं, तात्या, मी म्हटलं, आजचं संपलं.
"हं," म्हणाले,
आणि म्हात्रे पूल ओलांडल्यावर:
"माउंटिंग तरी बदलून घ्यायचंस."