खरवडलेली खिडकी

हंजे आणि मस्कारेन्हस, आर्किटेक्ट्स.
कॅम्पात, बेकरीच्या वरच्या माळ्यावर.
जिना चढू लागलं की पावाचा वास,
चढून झालं की अमोनियाचा.
मधल्या सतरा पायऱ्यांवर
माझी अकरा वर्षं गेली.

दोन्ही मालक फोटोत गेलेले.
हंजेंना चंदनाचा हार,
मस्कारेन्हसांना काही नाही,
फक्त दर नाताळात कुणीतरी काच पुसून जातं.
त्यांच्याखाली पत्र्याच्या नळ्या,
नळ्यांत गुंडाळलेली गावं:
खानापूरचा दवाखाना, चिकोडीचं बोर्डिंग,
गोकाकला गिरणीवाल्यांचं वाचनालय,
आणि एक चर्च, ज्याचा मनोरा
पैसे संपले म्हणून
कागदावरच उंच राहिला.

प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट,
चौकटीत गावाचं नाव.
आधी रोमनमध्ये, मग देवनागरीत, मग कन्नडमध्ये,
एकीत तर तिन्ही, दाटीवाटीनं,
दोघांच्या बाकावर तिघं बसावीत तशी.
यल्लाप्पा मुचंडीकर, आमचे जुने ट्रेसर, म्हणायचे,
"नाव काय, वरनं कागद येतोय तसं घालायचं.
खरं माप चुकलं तर भिंत विचारते गे."

मार्चात निपाणीला गेलो,
तंबाखूची वखार मोजायला.
नवा मालक पाडणार होता, पाडण्याआधी
नोंद हवी, असं कुठल्याशा नियमात.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसऱ्या टोकाला ऑफिसातला इरफान, शिंकत.
वीस वर्षं कुलूप होतं,
तरी दगडातून तिखट वास येत होता.

नकाशात पूर्वेची भिंत कोरी.
तंबाखूला ऊन चालत नाही, वारं चालत नाही,
म्हणजे शेटच्या हिशेबानं बरोबरच.
पण भिंतीत खिडकी होती.
अडीच फूट बाय पावणेदोन,
जमिनीपासून दोन फुटांवर.
उभ्यानं बघायची तर वाकावं लागे.
मी मांडी घालून बसले
आणि थेट समोर चिंच आली,
चिंचेखाली बांधलेली शेळी.

नंतर फोडली असेल, इरफान म्हणाला.
नंतर फोडलेली खिडकी लपत नाही,
कडेला ठिगळ असतं, चुना उपरा असतो.
हिची कमान भिंतीबरोबर चढलेली,
काळ्या दगडाच्या थराला थर लागून.

परत येऊन ट्रेसिंगचं कापड काचेवर पसरलं,
खालचा दिवा लावला.
पूर्वेच्या भिंतीत, अडीच बाय पावणेदोन,
कापड विरलेलं.
ब्लेडनं शाई खरवडल्याची जागा.
कुणीतरी खिडकी काढली होती,
मग कुणीतरी खिडकी काढली होती.
आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द.

मुचंडीकर अनगोळला असतात, लेकीकडे.
डोळे गेलेत.
कापडावरनं बोट फिरवत नेलं, त्या जागी थांबलं.
"माझंच ब्लेड," म्हणाले.
"शेट बोलला, हंजे साहेब गप बसले, मी खरवडलो.
खरं दस्तगीर गवंडी अक्षर वाचणारा न्हवता.
तो नकाशा उन्हात धरून बघायचा.
शाई तिथं भिंत, उजेड तिथं भोक."
हसले.
लेकीनं चहा आणला, तो निवत ठेवला.
"त्याची आई जुन्या वखारीत तंबाखू चाळायची," म्हणाले,
"दम्यानं गेली."
म्हणजे चुकून, की समजून?
ते मी विचारलं नाही.
दस्तगीरला जाऊनही तीस वर्षं झाली.

मे महिन्यात वखार गेली.
चिंच आहे म्हणे, अजून.
नव्या नकाशात मी ती खिडकी काढली,
काळ्या शाईनं, जाड निबानं,
मापं घातली, कमानीचे दगड मोजून घातले.
कोपऱ्यातली चौकट तेवढी रिकामी ठेवली.
नाव घालू,
वरनं कागद आल्यावर.