खळं

छावणीच्या मंडीत सत्तावीस वर्षं
मी गव्हाच्या पोत्यांचे हिशेब लिहितोय.
लोकवन, शरबती, मालवराज.
संध्याकाळी शर्ट झटकला की
उजेडात एक पिवळी भुकटी उभी राहते
आणि बराच वेळ खाली बसत नाही.
हे आधी कधी पाहिलं नव्हतं.

सीटीच्या काळ्या फिल्मवर
डॉक्टर छाजेडांनी पेन टेकवलं,
"ये गाँठ, और इसके चारों तरफ़…"
शब्द शोधत थांबले.
चंद्राला पडतं तसं, मी मनात म्हटलं.
खळं.
पण मला खळं दुसरंच माहीत, कुंदा,
वारा आला की दाणा इकडे, भूस तिकडे.
तुझ्या उजव्या फुफ्फुसात
कुणी मळणी मांडली?

सव्वादोन वर्षं झाली
माझी डावी किडनी तुझ्याकडे
घरजावई होऊन राहायला आली त्याला.
तिला कुणी हुसकू नये म्हणून
दारावरचे राखणदार गोळ्या देऊन निजवलेले,
सकाळी आठ, रात्री आठ.
ते निजलेले पाहून ही आली.
भाकरीवर येते, लोणच्यावर येते,
जुन्या खातेवहीच्या पुठ्ठ्यावर येते, तीच.
आपण फडक्यानं पुसून टाकायचो.

लॅबमधल्या मुलीनं फोनवर फोटो दाखवला.
बारीक दांडा, वर फुगीर डोकं,
डोक्यातून उडणाऱ्या थेंबांच्या माळा.
थेट तुझी हळदीकुंकवाची गुलाबदाणी.
सुंदर आहे, मी बोलून गेलो.
ती ओशाळली. मीही.

एक औषध किडनीला झोंबतं, ते नको.
दुसरं आहे, पण ते जुन्या गोळीचं बळ वाढवतं,
म्हणून जुनी गोळी तिसऱ्या हिश्श्यावर.
मग रक्त तपासा. मग पुन्हा तपासा.
जास्त ठेवली तर बुरशी पसरेल,
फार कमी केली तर शरीर किडनीला ओळखेल.
ओळखेल म्हणजे
परकी आहे, हे ओळखेल.
आयुष्यभर जमाखर्च जुळवला मी,
हा ताळा माझ्या हातचा नाही.

तिसऱ्या रात्री तू म्हणालीस,
ट्यूबलाइटच्या कडा जांभळ्या झाल्यात,
आणि तुमचा शर्ट, अहो, केवढा हिरवा!
शर्ट पांढरा होता.
औषधानं होतं असं, नर्स म्हणाली.
मी मान डोलावली
आणि शर्टाकडे बघत राहिलो.

शेवटी विचारलंच,
माझ्याच कपड्यांतून आली का?
"मुंगीजी, हवा में है. सबके अंदर जाती है."
सबके. म्हणजे माझ्याही.
माझ्यात येते, निघून जाते,
वहीत नोंदसुद्धा होत नाही.

परवाच्या स्कॅनमध्ये खळं विरळ दिसलं.
छाजेड हसले नाहीत,
पण पेन खिशात ठेवलं.

आता मंडीच्या नळावर आंघोळ करूनच घरी येतो,
या डिसेंबरातही.
हम्माल ओरडतात, "भिया, शादी है क्या?"
मळके कपडे पिशवीत, पिशवीला गाठ.
साबण लावताना
डाव्या कुशीतल्या व्रणावर हात थांबतो.
आत जागा रिकामी.

यंदा वर्षाचा गहू भरला नाही.
कोठी गच्चीवर पालथी पडली आहे.
दर रविवारी पीठ आणतो, पाकिटातलं, एक किलो.
तू म्हणतेस, पोळीला चव नाही.
मी म्हणतो, नाहीच.
आणि तू दुसरी मागतेस.