अंगठा

एप्रिलमधल्या पहिल्या कोरड्या शनिवारी
वारा अजून उठलेला नाही, हे
मी ओलं बोट वर धरून सांगायचं
आणि लेव्हर्नने ते ऐकायचं नाही.
तोवर त्याचा सिलिंडर गाड्यावर बांधून तयार.
(गाडा म्हणजे गोल्फच्या काठ्या ओढायची जुनी ढकलगाडी.
गोल्फ आमच्यात कोणीच खेळलं नाही.)

तो पुढे जाळ घेऊन,
मी मागे पाण्याचा पाइप घेऊन.
एकेचाळीस वर्षं हीच आमची वरात,
फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंत.
स्नेक नदीचं पाणी आम्हाला मिळतं,
पण खडीत न पेरता उगवणाऱ्यांना ते आधी मिळतं:
डँडेलायन, कोशिया,
आणि तो सराटा.
आम्ही त्याला बोकडाचं डोकं म्हणतो, दोन शिंगं असतात म्हणून.
सायकलचं चाक, कुत्र्याचा पंजा, पोस्टमनचा बूट,
त्याला काहीच वर्ज्य नाही.
गेल्या सालचे वाळके काटे जाळात सापडले
की मक्याच्या लाह्यांसारखे फुटतात,
आणि लेव्हर्न मोजतो.

चकमक ओढली की
आधी नुसता सुस्कारा,
मग भप्प,
मग तो एकसुरी घोंगाट,
ज्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.
आमची अर्धी भांडणं त्यात सुखरूप विरली.

नवखे लोक राख होईस्तोवर जाळत बसतात.
तसं नसतं ते.
तवा तापला का बघायला हात फिरवावा
तशी ज्योत पानावरून फिरवायची
आणि पुढे व्हायचं.
पान उभंच राहतं, हिरवं, जरा जास्तच हिरवं.
त्याला अजून कळलेलं नसतं.
खात्री करायची तर वाकून
पान चिमटीत धरायचं, अंगठा दाबायचा.
ठसा उमटला, गडद, ओलसर,
म्हणजे आतलं पाणी फुटलं. झालं.
संध्याकाळी सगळी माना टाकतात.

जुनिपर पेटलं त्या वर्षाचं मी सांगत नाही.
त्याच्यासमोर तर नाहीच.
एवढंच, की झुडूप तेलकट होतं, फटाक्यासारखं गेलं,
बरोबर बिंगमांच्या कुंपणाचे सात खांब गेले,
आणि माझा पाइप नेमका पीळ पडून अडलेला.
पीळ माझ्या हाताने पडला की त्याच्या पायाने,
यावर अजून एकमत नाही.

यंदा
चकमक त्याने तीनदा ओढली.
चौथ्यांदा माझ्यासमोर धरली,
दुकानातली वस्तू परत करावी तशी.
बोटं थरथरत होती.
वाऱ्याने नव्हे. वारा नव्हता, मी पाहिलं होतं.
“तू घे, आर्डिस.”
आम्ही काही न बोलता नळ्या बदलल्या.

जाळ हाताला किंचित मागे रेटतो,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
आणि हेही नाही, की पुढे आग ओकता ओकता
सिलिंडरच्या बुडाला दंव धरतं,
पांढरं, बोटाला चिकटणारं.
इतकी वर्षं मी मागून फक्त ठिणग्या बघत आले.

मग पाणी यायला लागलं मागून,
माझ्या घोट्यांवर, बुटात,
गरज नसेल तिथे सगळीकडे.
“तिकडे नको!” मी ओरडले.
त्याने मान डोलावली आणि तिकडेच मारलं.
म्हणजे मी मागून जे जे ओरडत होते
त्यातलं त्याला
असं किती पोचलं असेल.

पुलाशी तो वाकला, एक हात गुडघ्यावर,
एक पान धरलं, अंगठा दाबला.
ठसा जरा फराटला,
पण उमटला.
त्याने तो उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला,
सही कोणाची ते ओळखायचं असावं तसा.

मुळं खाली शाबूत आहेत, दोघांना ठाऊक आहे.
डँडेलायनचं तर हातभर जातं.
तीन आठवड्यांनी पुन्हा यावं लागेल.
सिलिंडर हलवून बघितला मी.
अर्ध्याच्या वर आहे.