चलन : मासे

राउमा. मार्चचा दुसरा आठवडा.
बंदरात बर्फ अजून आहे, पण त्याचा आवाज बदललाय,
रात्री कुरकुरतो, जुन्या जिन्यासारखा.
साप्ताहिकाच्या कचेरीत मी जोडणी करतेय :
इकडे वर्गणीदारांच्या बिलांची यंत्रणा,
तिकडे क्लाउड,
म्हणजे कुठल्याशा देशातली
खिडक्या नसलेली एक वखार.

हिल्का शेजारी बसलीय. एकतीस वर्षं बिलं तिच्याकडे.
शुक्रवारी निवृत्त होणार.
गुप्त किल्ली तिनं कागदावर लिहून आणलीय,
चाळीस अक्षरं, आणि प्रत्येक शून्याला तिरकी रेघ,
ओ वाटू नये म्हणून.
मी म्हटलं, मेलवर पाठवायचीस की.
ती म्हणाली, गुप्त आहे ना?
माझं टाइप करून होताच
कागद परत मागून घेतला.

परवानगी फक्त वाचायची. लिहायची नाही.
त्या चौकटीतली खूण मी काढून टाकते.
सगळं दिसावं पण कशाला हात लागू नये,
बूट काढून दारातच उभ्या राहिलेल्या
पाहुण्यासारखं.

मग रकान्याला रकाना जोडत जायचं.
नावाला नाव. पत्त्याला पत्ता.
संपण्याची तारीख, मी पुटपुटते.
कुणाची? हिल्का विचारते.
वर्गणीची, मी म्हणते,
आणि दोघी थोडा वेळ पडद्याकडेच बघतो.

चाचणी. गोल फिरतं, फिरतं, हिरवं होतं.
चार हजार एकशे बारा ओळी निघाल्या.
अकरा पोचल्या, एकशे अकरा पोचल्या,
हिल्का नावं ओळखते, जत्रेत माणसं ओळखावीत तशी :
ही सुतारीण. हा वारला, बिल मुलगी भरते,
अंक अजून त्याच्याच नावानं जातो.

एक ओळ अडकली.
लाल अक्षरांत : चलन ओळखता आले नाही.

वेइक्को सालोनसारी. बाहेरचं बेट.
रक्कम : दोन. चलन : मासे.

हिल्का हसली नाही.
मी लागले त्याच साली गोदी बसली, म्हणाली,
हा वर्गणी बंद करायला आला होता, टोपी हातात धरून.
तेव्हा त्या रकान्यात काहीही लिहिता यायचं.
दर तिमाहीला दोन सिका, धुरावलेले.
एकदाही थकला नाही.

यादीत एकशे ऐंशी चलनं आहेत. मी वरून खाली गेले,
खालून वर आले.
शून्य लिहू?
शून्य लिहिलंस तर तो फुकट्या ठरेल.
मग युरो?
युरो लिहिलेस तर थकबाकीदार.
पहिल्याच महिन्यात तुझं यंत्र
त्याला नोटीस धाडेल, नम्र भाषेत.

शेवटी मी एवढंच केलं :
न समजलेली ओळ सोडून पुढे जा,
पण सांगून जा.

आता रोज रात्री दोन वाजता अहवाल येतो.
पोचल्या : चार हजार एकशे अकरा. वगळली : एक.
वरिष्ठ विचारतात, ही चूक दुरुस्त कधी होणार.
मी म्हणते, बघते.

एप्रिलअखेर पाणी मोकळं झालं.
सकाळी जिन्यात पुडकं होतं,
आमच्याच मागच्या अंकात गुंडाळलेलं,
संपादकीयावर तेलाचा डाग, आणि तो वास
वरच्या मजल्यापर्यंत.
उघडलं तर तीन मासे.

हिल्काला फोन केला. मागे कुठेतरी बादली वाजत होती.
म्हटलं, एक जास्त आलाय, कुठे जमा करू?
ती म्हणाली, जास्त कसला?
जानेवारीत दरवाढीचं पत्र
सगळ्यांना गेलं होतं ना?